बाबांचा गाळा आणि हापूसच्या पेट्या

वाचकांचे प्रश्न, पी.टी.च्या सरांची उत्तरं

या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्यालाच जागा जास्त दिली आहे, बाकीच्या दोघांनी राग मानू नये.

सर, मी नववीत आहे. कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहते. शाळा वाशीच्या बाजूला, इंग्लिश मीडियम. पहिलीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) लॉटरीत नंबर लागला, म्हणून आठवीपर्यंत फी नव्हती. आता बाबा हप्त्याहप्त्याने भरतात. बाबा एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. सहावीत एका मुलीने विचारलं, पप्पा काय करतात? मी म्हटलं, एपीएमसीत असतात. ती म्हणाली, म्हणजे गाळा आहे? मी हो म्हणून गेले. तेव्हापासून आमचा गाळा आहे! आता तिच्या मम्मीने निरोप दिलाय, सीझनला चार पेट्या हापूस होलसेल भावात पाहिजेत. तिच्या वाढदिवसाला सगळ्या सीवूड्सच्या मॉलमध्ये गेल्या, तेव्हा मी ताप आलाय म्हणून सांगितलं, कारण गिफ्टसाठी पाचशे-पाचशे काढत होते. घराकडच्या मुली मला 'कॉन्व्हेंट' म्हणतात आणि शाळेत मी इंग्लिश बोलले की एक जण नक्कल करते. मी नक्की कुठली? ही शाळा माझी आहे का? आणि पेट्यांचं काय करू?
— नाव छापू नका

आधी पेट्यांचं बघू. आंबा काही तुझ्यासाठी थांबणार नाही, मार्चमध्ये आवक वाढली की त्या बाई पुन्हा विचारणारच. बाबांना सांगून फळ मार्केटमधून पेट्या आणवायच्या, पदरचे पैसे घालायचे आणि 'होलसेल' म्हणून द्यायच्या, असा विचार तुझ्या डोक्यात येऊन गेला असणार. तो सोड. पुढच्या वर्षी आठ पेट्या मागतील, शिवाय मावशीला वेगळ्या दोन.

मैत्रिणीला एकटीला गाठ. मधल्या सुट्टीत, जिन्यात, कुठेही. व्हॉट्सअॅपवर नको, तिथलं लिहिलेलं फिरतं. आणि एका दमात सांगून टाक: "अगं, आमचा गाळा नाही. बाबा कांदा-बटाट्यात माथाडी आहेत. तेव्हा मी बोलून गेले आणि मग सांगायचं राहिलंच. मम्मीला सांग, पेट्या आमच्याकडून नाही मिळायच्या." बस्स. सहावीपासूनचं पुराण लावायचं नाही. दोन-चार दिवस कुजबुज होईल. एखादी 'खोटारडी' म्हणेल, तेवढं ऐकून घ्यावं लागेल. वर्गाचं एक मी इतकी वर्षं बघत आलोय: बाप काय करतो यावरून पोरं चिडवतात ती थोडा वेळ, पण कुणी काही लपवतंय असा वास लागला तर वर्षभर सोडत नाहीत. एकदा उघड्यावर आलं की त्यातली गंमत संपते.

मॉलचं तसंच. ताप कशाला आणायचा? "पाचशे नाही जमत, मी कार्ड करून आणते" म्हणायचं. तुझ्यासारख्या अजून दोघी तरी त्या ग्रुपमध्ये गप्प बसलेल्या असतील. पाचशे रुपये घरी मागताना वाशीतल्या मोठ्या सोसायटीतल्या पोरांनाही बोलणी खावी लागतात.

आता बाबांच्या कामाबद्दल. ते तुला तरी नीट माहीत आहे का? एकदा त्यांच्याशी बस आणि विचार. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला पूर्वी ना हजेरी होती ना फंड. अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं संघटित केली आणि 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातून मंडळं आली, कामगाराची नोंदणी आली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, फंड लागू झाला. गोणी 50 किलोच्या वर नको, म्हणून हीच माणसं मार्केट बंद ठेवतात. सोशल सायन्सच्या प्रोजेक्टला कामगारांचा विषय आला, तर वर्गात तुझ्याइतकं कुणाला बोलता येणार नाही, आणि गाळेवाल्याच्या पोरीला तर नाहीच नाही. (मुलांच्या शिक्षणासाठी मंडळाकडून काही मदत होते का, हेही बाबांना कार्यालयात जाऊन विचारायला सांग. मुकादमाच्या तोंडी माहितीवर राहू नका.)

'ही शाळा माझी आहे का?' कायद्याने आहे, आणि हे कुणाच्या उपकाराने नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अमलात आला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 12 मध्ये खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या प्रवेशात किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत. शाळावाले सुप्रीम कोर्टात गेले होते, 2012 मध्ये कोर्टाने ही तरतूद कायम ठेवली. आपल्याकडे 2024 मध्ये सरकारनेच नियम बदलून बऱ्याच खासगी शाळांना यातून सूट दिली होती. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली की खासगी शाळा मोकळी! मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला. तुझ्या बाकाची फी सरकार शाळेला देत होतं. वेळेवर देत नाही, अशी शाळांची ओरड असते आणि ती खोटीही नाही, पण ते भांडण त्यांचं आपसातलं. तुझ्या खांद्यावर ते कुणी टाकू नये.

कायद्याची खरी गोची तू आत्ता भोगते आहेस. तो सहा ते चौदा वयाचा, आठवीपर्यंतचा. नववीला तोच बाक, तोच वर्ग, आणि एकदम पूर्ण फी. माझं स्पष्ट मत आहे की पोराला आठ वर्षं एका घरात वाढवून नवव्या वर्षी भाडं मागण्यातला हा प्रकार आहे. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी, तुला लागू नाही, ती सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. नवी मुंबई महापालिकेच्या शिष्यवृत्तीची जाहिरात निघते, तिच्यावर लक्ष ठेवा. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, ऐन वेळी सेतू केंद्रात रांग लागते. आणि एक गोष्ट बाबांना जरूर सांग: 2011 च्या फी नियमन कायद्यानुसार शाळेतल्या प्रत्येक मुलाचे पालक हे पालक-शिक्षक संघाचे सदस्य असतात. कार्यकारी समितीवर पालक चिठ्ठ्या टाकून घेतात, आणि फी ठरते ती त्या समितीसमोर. चिठ्ठीला गाळेवाला आणि माथाडी सारखेच. बाबांनी नाव द्यावं.

हे झालं कागदावरचं. कागदाने बाक मिळतो, बाकावर शेजारी कुणी सरकून जागा देत नाही. त्याचं काय करायचं ते सांगतो.

माझ्याकडे ठाण्याच्या शाळेत एक पोरगा होता. वडील रिक्षा चालवायचे, राहायला लोकमान्य नगरला. बोलायचा नाही. टीम पाडताना दोन कॅप्टन एकेकाला हाक मारत जायचे आणि हा शेवटी उरायचा. उरलेल्याला कुणी घेत नाही, तो 'येतो'. ती हाका मारायची पद्धत मी बंद केली, एक-दोन-एक-दोन मोजायला लावलं, पण तेवढ्याने तो कुणाचा झाला नाही. मग त्याला खो-खोचं मैदान आखायला घेतलं. 27 मीटर लांब, 16 रुंद. दोन खुंट्या, सुतळी, आणि डालड्याच्या जुन्या डब्याला तळाशी खिळ्याने भोकं पाडलेली. सुतळी ताणायची, डब्यात चुन्याची फक्की भरायची, डबा जमिनीपासून वीतभर वर धरायचा आणि हात हलवत चालायचं. मध्ये थांबायचं नाही, थांबलं की तिथे ढीग पडतो. सुरुवातीला त्याच्या रेघा सापासारख्या यायच्या. सुतळी सुटून फक्की डोळ्यांत जायची. पुढे पुढे मधली पाटी आणि चौकोन तो सुतळी न लावता आखू लागला. मग काय, आंतरशालेय सामने असले की सकाळी पोरं येऊन विचारायची, "सर, तो आलाय का? लाइन पुसलीय." त्याच्याशिवाय खेळ सुरू होत नव्हता. तो खेळाडू वगैरे काही झाला नाही, दहावी करून आयटीआयला गेला. पण शेवटच्या वर्षी डबा खायला त्याला जागा शोधावी लागली नाही.

तर तू काम माग. मैत्री मागितली की माणूस लहान होतं, कामाला कुणी नाही म्हणत नाही. असं काम, ज्यासाठी इतरांना तुझ्याकडे यावं लागेल: लायब्ररीत पुस्तकं देण्या-घेण्याची नोंद, प्रार्थनेच्या वेळचा माइक, स्पोर्ट्स डेला गुणलेखकाचं टेबल, शाळेत आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) असेल तर गेटवरची ड्युटी. हाऊस कॅप्टनच्या बिल्ल्यामागे लागू नकोस, त्याला मतं लागतात आणि मतं वाढदिवसाला हजर असणाऱ्यांना पडतात.

नक्कल करणारीला एकदा शांतपणे म्हण, "परत कर, सगळ्यांना ऐकू नाही आलं." दुसऱ्यांदा तितकं जमत नाही कुणाला.

वसाहतीतल्या मुलींची मला काळजी नाही. त्या 'कॉन्व्हेंट' म्हणतात, पण इंग्लिशचा पेपर जवळ आला की तुझ्याच दारात येत असतील. येत नसतील तर तूच वही घेऊन जाऊन बस.

सर, आम्ही जूनमध्ये रत्नागिरीहून घोडबंदर रोडला राहायला आलो. मुलगा सातवीत. शाळा मोठी, एसी वर्ग, सगळं आहे. पण तो डबा एकटाच खातो. रोज विचारते, कोणी मित्र झाला का? तो "नाही" म्हणून खोलीत जातो. वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर लिहू का?
— एक आई, कासारवडवली

ताई, ग्रुपवर लिहू नका. "माझ्या मुलाशी कुणी बोलत नाही" असं तिथे पडलं की रात्रीपर्यंत चाळीस आया हात जोडलेले इमोजी टाकतील आणि सकाळी चाळीस पोरं घरून बोलणी खाऊन येतील. ती तुमच्या मुलाशी बोलतील, पण कशी, ते सांगायला नको.

वर्गशिक्षिकेला स्वतः जाऊन भेटा आणि नेमकं एकच मागा: त्याची जागा बदलून एखाद्या बडबड्या मुलाशेजारी द्या. 'लक्ष ठेवा' असं मोघम सांगितलं तर साठ मुलांत ते कुठे ठेवणार?

तुमच्याकडे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे स्कूल बस. घोडबंदर रोडला ती पाऊण तास अडकते हे आपल्यासाठी डोकेदुखी, पण एकाच स्टॉपवर चढणारी पोरं वर्गाबाहेरची असतात आणि तिथे कुणाचा ग्रुप आधीपासून पक्का नसतो. त्यांतल्या एकालाच रविवारी बोलवा, सगळ्यांना नको. डब्यात पिझ्झा भरून मित्र मिळवायला जाऊ नका, दोन दिवसांत डबा रिकामा येतो आणि मित्रही. घावणे, आंबोळ्या जे करता तेच द्या, फक्त दोन जास्त.

आणि रोजचा तो प्रश्न बंद करा. रोज नापास झाल्याचा निकाल त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो. "आज बसमध्ये काय झालं?" एवढं विचारा.

मात्र सकाळी पोट दुखायला लागलं, वह्या फाटून येऊ लागल्या किंवा बसमध्ये चढायलाच तो नको म्हणू लागला, तर हे एकटेपण नाही, त्रास आहे. तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार कॉरिडॉरमध्येच राहते.

सर, मी घणसोली गावातला, आठवीत, सीबीएसई शाळेत. गावच्या मंडळात कबड्डी खेळतो, चढाई चांगली आहे. शाळेत स्केटिंग आहे, टर्फवर फुटबॉल आहे, कबड्डी नाही. पी.टी.चे सर म्हणतात, "अपनी स्कूल में कबड्डी कोई नहीं खेलता." शाळा बदलू का?

बदलायचीच असेल तर नववीच्या सुरुवातीलाच. सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत होते आणि मग दहावीला शाळा बदलणं सहजासहजी होत नाही. पण आधी हे करून बघ.

मैदानावर सात लागतात, संघात बारा. तुझ्यासह बारा नावं कागदावर लिही, प्रत्येकाची सही घे, वर्ग आणि जन्मतारीख लिही. कागद सरांना दे, अर्जाची एक प्रत प्रिन्सिपलना. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत कबड्डी 14, 17 आणि 19 वर्षांखालची असते, आधी महापालिका पातळीवर. सीबीएसईच्या स्वतःच्या स्पर्धांतही कबड्डी आहे. प्रवेशिका शाळेनेच भरावी लागते, मंडळाला भरता येत नाही, एवढं सरांना नम्रपणे आठवण करून दे. जागेचं कारण सांगितलं तर कबड्डीला फार जागा लागत नाही, पार्किंगच्या कडेलाही होईल. टर्फवर मात्र सराव करू नका, गुडघे सोलून निघतात.

नावं कमी पडली तर सहावी-सातवीतली पोरं धर, फुटबॉलच्या टीममधून गळलेली. बारावं नाव गल्लीतल्या मित्राचं घालू नकोस. बोनाफाईड तपासतात.