कथेतलं पात्र आवडतं ते कशामुळे?

चांगुलपणामुळे तर नाहीच. निव्वळ सद्गुणी पात्राचं आपण कौतुक करतो आणि पुढच्या पानावर विसरतो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेलो, त्यामुळे उदाहरण घरचंच देतो. विनोदी लेखक चिं. वि. जोशी इथे पाली भाषेचे प्राध्यापक होते. बडोद्यात बसून त्यांनी पुण्याचा एक भित्रा, बावळट कारकून रंगवला, तो चिमणराव. या माणसात हेवा वाटावा असं काहीही नाही. मग तो इतका लाडका का? एक तर आपली फजिती तो स्वतःच सांगतो, आणि तीही गंभीर चेहऱ्याने. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर ती टिंगल झाली असती. शिवाय त्याला सतत काहीतरी हवं असतं. मान, चार पैसे, घरात जरा वट. मागणं छोटं, धडपड केवढी! ती धडपड आपल्या ओळखीची असते. आणि जोडीला आडदांड गुंड्याभाऊ असल्यामुळे त्याचा भित्रेपणा आणखीच उठून दिसतो. १९७०च्या दशकात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव साकारला, तेव्हा पुस्तक न वाचलेल्यांनाही तो घरचा वाटला.

खलनायकही आवडतात, पण त्याचं कारण वेगळं. ते कामात तरबेज असतात, आणि कसब बघायला आपल्याला आवडतं.

लिहीत असाल तर पात्राला आधी एखादी खोड द्या, पण तिची किंमत त्यालाच मोजायला लावा. आमच्या आजीच्या गोष्टीतला कोल्हासुद्धा दर वेळी शेपूट भाजूनच परत यायचा.