अण्णांची बोटं चालतात!

प्रश्न : तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेचा मी व्यवस्थापक आहे. आमचे 14 पिग्मी एजंट आहेत, म्हणजे रोज फिरून खातेदारांची छोटी बचत गोळा करणारे. चार महिन्यांपूर्वी जमा नोंदवायला मोबाईल ॲप आणलं. प्रशिक्षण झालं, जेवण झालं, अध्यक्षांचं भाषणही झालं. तरी एजंट दिवसभर कार्डावरच लिहितात आणि संध्याकाळी संस्थेत बसून सगळं एकदम ॲपमध्ये भरतात. सर्वांत ज्येष्ठ अण्णा म्हणतात, ‘या वयात बोटं चालत नाहीत.’ बाकीचे त्यांच्यामागे. संचालक म्हणतात, कमिशन रोखा. काय करू?

उत्तर : अण्णांची बोटं चालतात हो. रोज पहाटे व्हॉट्सॲपवर फुलांचं ‘सुप्रभात’ कोण पाठवतं ते बघा एकदा.

1989 साली आमच्या बँकेच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं, म्हणजे खातेवहीत नोंदी करायचं यंत्र आलं, तेव्हा मी बचत खात्याच्या काउंटरवर होते. आमच्यात एक दादा होते. महिनाअखेर बॅलन्सिंग जुळलं नाही की सगळे त्यांच्या टेबलाशी. ते आधी फरक नऊने भागून बघत. भाग गेला, तर कुणीतरी 54 चे 45 लिहिलेत. मग बोट फिरवत त्या पानावर पोचत. यंत्र आलं आणि ही विद्या एका दिवसात बिनकामाची झाली. संगणकीकरणाबद्दल बँका आणि कर्मचारी संघटनांचा करार 1983 सालीच झाला होता. दादांचं काय, हे मात्र कुणाला सुचलं नव्हतं. ‘विरोध करतात’ म्हणून साहेबांनी त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं. निवृत्तीपर्यंत तिकिटं चिकटवत ते यंत्राला शिव्या घालत राहिले. मला तेव्हाही त्यांचं चुकलं असं वाटलं नाही.

पुढे बँकेच्या एका प्रशिक्षणात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या हारवूड या पायजम्यांच्या कारखान्याची गोष्ट ऐकली, 1940 च्या दशकातली. इस्त्रीवाल्यांना फक्त सांगण्यात आलं, घड्या पुठ्ठ्यावर नको, खोक्यात रचा. बदल एवढासाच. पण 40 दिवसांत त्यांतले 17 टक्के काम सोडून गेले. तिथल्याच दुसऱ्या कामगारांनी आपल्या कामातला तसलाच बदल साहेबांबरोबर बसून ठरवला. त्यांतलं कुणी गेलं नाही.

तेव्हा आता एक दिवस अण्णांबरोबर त्यांच्या लाईनला जा. तपासायला नव्हे, पिशवी धरायला. माझा अंदाज सांगते. भाजीवाली म्हणेल, ‘आज धंदा नाही, उद्या दोन दिवसांचे देते.’ अण्णा पदरचे 50 रुपये घालून कार्डावर आजची जमा लिहितील, कारण खाडा पडला की गिऱ्हाईक तुटतं. ॲपमध्ये मिनिटाची नोंद होते, गिऱ्हाइकाला लगेच मेसेज जातो. अण्णांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या सांभाळून घेण्याला तिथे रकानाच नाही. अडचण बोटांची नाही, ही आहे.

एखाद्याचा विरोध वेगळ्या कारणाने असेल. गोळा केलेले पैसे दिवसभर दुसरीकडे फिरवणारा एजंटही वेळेची नोंद नको म्हणतो. त्याची समजूत घालत बसू नका, त्याच्या लाईनवरच्या खातेदारांची कार्डं खात्याशी ताडून बघा. म्हणूनच मेसेज लगेच जाणार, यावर तडजोड नको. बाकी सगळं एजंटांना ठरवू द्या : खाडा कसा दाखवायचा, मंडईत रेंज नसेल तर काय, अक्षरं केवढी हवीत. त्या बैठकीला ॲपवाल्या कंपनीचा माणूस समोर बसवा आणि पहिलं अण्णांना बोलू द्या.

कार्ड आणि ॲप दोन्ही चालू ठेवा, पण कार्ड बंद व्हायची तारीख आजच भिंतीवर लावा. आमच्याकडे तारीख नव्हती, म्हणून लेजर आणि यंत्र वर्षाहून जास्त जोडीने चालले आणि आम्ही रोज डबल पोस्टिंग करत बसलो.

कमिशन रोखायचा विषय मात्र लाईनला जाण्याआधी सभेच्या विषयपत्रिकेवरून काढून घ्या. एजंटांना तो एव्हाना कळला असणारच. आणि चपला जुन्या घाला, बाजाराची लाईन पायाने फिरावी लागते.