पी ०५४६ कोड आलाय, गॅरेजवाला म्हणतो एक्झॉस्टचा टेम्परेचर सेन्सर बदला. बदलू का?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०२१ ची डिझेल आहे, चेक इंजिनचा दिवा तीन दिवसांपासून लागलाय, स्कॅनरवर पी ०५४६, म्हणजे एक्झॉस्टच्या (धुराच्या) पाइपावरच्या टेम्परेचर सेन्सरचं ‘सर्किट हाय’, दिसतं आणि गॅरेजवाल्याच्या म्हणण्यानुसार ‘हाय’ म्हणजे सायलेन्सर जास्त तापतोय. माझं ऐका, लगेच सेन्सर घेऊ नका. आधी वायर बघा.

कराडच्या बाजूला मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले, डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसला आणि एक्झॉस्टच्या पाइपावर हे सेन्सर वाढले. टर्बोच्या आधी, डीपीएफच्या आधी, नंतर. गाडीनुसार दोन, तीन, चारसुद्धा. तुमच्या कोडमधलं ‘हाय’ हे तापमानाचं नाही, व्होल्टेजचं आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरच्या वायरवर बारीकसं व्होल्टेज सोडतो, साधारण ५ व्होल्ट. सेन्सर जोडलेला असला की ते खाली येतं. वायर तुटली, पिन सुटली किंवा सेन्सर आतून तुटला, की ते वरच राहतं आणि ईसीयू ‘सर्किट हाय’ म्हणून नोंदवतो. म्हणजे कोड सर्किटचं नाव घेतो, सेन्सरचं नाही. ०५४५ आला असता तर उलटं, कुठेतरी वायर बॉडीला टेकलेली.

गेल्या पावसाळ्याआधी एक भाजीवाला पिकअप घेऊन आला. कराड ते वाशी मार्केट, आठवड्यात तीन फेऱ्या. तीन महिन्यांत दोन सेन्सर बदलून झालेले, कोड तोच. मी विचारलं, दिवा कुठे लागतो? म्हणाला, “दादा, खंबाटकी चढायला लागलो की.” तिथेच निम्मं काम झालं. चढावर लोड आला की इंजिन माउंटिंगवर कलतं आणि वायरिंग ताणलं जातं. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, मोबाइलवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, लावला आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हळूहळू हलवत गेलो. गिअरबॉक्सजवळ आलो तसा आकडा एकदम वर उडाला. क्लच प्लेटचं काम करताना कोणीतरी वायरची क्लिप परत लावलीच नव्हती. वायर लोंबून पाइपाजवळ गेलेली, वरचं आवरण पापडासारखं कडक होऊन तडकलेलं, आत तांब्याची एखादी तार धरून होती. तेवढा तुकडा कापून नवी वायर क्रिम्प केली, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडली, वरून फायबरग्लासची स्लीव्ह आणि क्लिप. सोल्डर मुद्दाम टाळलं, गरम आणि हलत्या जागी पुढे त्या जोडाजवळच वायर तुटते.

तुम्ही घरी काय करू शकता ते सांगतो. गाडीचे कोड वाचणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर असला तरी चालेल, फक्त त्याचं अ‍ॅप तुमच्या गाडीचे एक्झॉस्ट टेम्परेचर दाखवणारं हवं. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. आता सगळे एक्झॉस्ट सेन्सर, कूलंट आणि आत येणारी हवा, सगळ्यांचे आकडे जवळपास सारखे असायला हवेत. बाकीचे २४-२५ म्हणत असतील आणि एकच ८० म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय, कोड आलेला असो वा नसो.

मग इंजिन थंड असतानाच त्या सेन्सरचा प्लग काढा. पिना हिरव्या-काळ्या झाल्यात का, पाणी शिरलंय का, उंदराने वायर कुरतडलीय का, डोळ्यांनी बघा. उसाच्या भागात निम्म्या तक्रारी इथेच संपतात. दोनच वायरींचा साधा सेन्सर असेल तर गाडीकडच्या प्लगच्या दोन्ही पिना पातळ वायरने क्षणभर जोडा. स्क्रीनवरचा आकडा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला तर ईसीयूपर्यंतची वायर धड आहे, संशय सेन्सरवर. आकडा ढिम्म राहिला तर नवा सेन्सर टाकून काहीच होणार नाही. सेन्सरच्या वायरला मध्ये छोटी डबी असेल तर हे करू नका, त्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं.

मीटर असेल तर सेन्सर थेट मोजा. बऱ्याच गाड्यांत प्लॅटिनमचा, ० अंशाला २०० ओहमचा सेन्सर असतो. आपल्याकडच्या हवेत तो २२० च्या आसपास दाखवतो आणि तापला की वाढतो. काही गाड्यांत उलट जातीचा असतो, थंडपणी किलो-ओहममध्ये किंवा त्याहून खूप जास्त, म्हणून आधी कोणता आहे ते विचारून घ्या. मीटर काहीच दाखवत नाही म्हणून सेन्सर गेला असं लगेच ठरवू नका.

खरंच गेला असेल तर आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि पाइप कोमट असताना फट असलेल्या सॉकेटने काढा. नट फिरवा, वायर पिळू नका. नव्या सेन्सरची वायर अशीच पहिल्या दिवशी तुटलेली मी पाहिलीय.

फक्त दिवा लागलाय म्हणून महिनाभर तशीच पळवूही नका. डीपीएफमधली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. सेन्सरवर भरवसा नसला की ईसीयू ते जाळणंच थांबवतो, फिल्टर भरत जातो आणि एक दिवस गाडीचा जोर जातो. तेव्हाचं बिल सेन्सरच्या कितीतरी पट असतं. आणि दोष निघायच्या आधी कोणी स्कॅनरवरून जबरदस्तीने रिजनरेशन करू, म्हणजे ती काजळी जाळू, म्हणाला, तर नको म्हणा.

त्या पिकअपवाल्याने काढलेले दोन्ही सेन्सर सीटखालच्या डब्यात ठेवले होते. मीटरवर लावले: एक २२१, दुसरा २२३. दोन्ही ठणठणीत.