शेजारी देश, पण विजेच्या तऱ्हा दोन

प्रश्न: फ्रान्स आणि जर्मनी शेजारी, पैसा दोघांकडे, इंजिनियर दोघांकडे, मग एकाची जवळपास ७० टक्के वीज अणुभट्ट्यांतून येते आणि दुसऱ्याने होत्या त्याही बंद केल्या, असं का? आणि जैतापूरला फ्रेंच भट्ट्याच येणार आहेत ना?
- एक वाचक, राजापूर

उत्तर: कारण भट्टी बांधायची की नाही हे ठरवतं कोण, हेच दोन्हीकडे वेगळं आहे. फ्रान्समधे सगळं पॅरिसमधून चालतं. १९७३ला तेलाचे भाव भडकले आणि मार्च १९७४मधे पंतप्रधान मेस्मेर यांनी अणुवीजेचा कार्यक्रम जाहीर करून टाकला, संसदेत धड चर्चा पण नाही. वीज कंपनी एकच, ईडीएफ, तीही सरकारी, त्यामुळे एकच डिझाईन घेऊन ९०० मेगावॅटच्या तब्बल ३४ भट्ट्या उभ्या केल्या.

जर्मनीत भट्टीचं लायसन्स राज्य सरकारच्या हातात, वर कोर्ट आहेच. १९७५ला वील नावाच्या गावात द्राक्षवाले शेतकरी सरळ साईटवर जाऊन बसले, म्हणे कूलिंग टॉवरच्या वाफेने धुकं वाढेल आणि द्राक्षं बोंबलतील. ती भट्टी झालीच नाही, आज तिथे राखीव जंगल आहे. त्या चळवळींतूनच पुढे ग्रीन पार्टी उभी राहिली, १९८३ला संसदेत पोचली आणि १५ एप्रिल २०२३ला शेवटच्या तीन भट्ट्याही बंद झाल्या.

आता लगेच फ्रान्स भारी म्हणू नका हं. एकच डिझाईन म्हणजे दुखणंही एकच. २०२१च्या शेवटी सिव्होच्या भट्टीत पाईपला गंजाच्या चिरा सापडल्या, मग तशाच बाकीच्याही तपासायला बंद कराव्या लागल्या आणि २०२२ला फ्रान्सवर चक्क बाहेरून वीज घ्यायची वेळ आली. तिकडे जर्मनीत वारा उत्तरेला, कारखाने दक्षिणेला आणि मधली मोठी लाईन लोकांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षं रखडलेली, शेवटी २०१५ला ठरलं की केबल जमिनीखालून न्यायची. खर्च वाढला तो वेगळाच. तरी मला विचाराल तर ही रखडपट्टी परवडली, कारण निदान लोकांना आधी विचारलं तरी जातं.

जैतापूरचं म्हणाल तर हो, प्लॅन फ्रेंच ईपीआरचाच (नव्या पिढीची मोठी अणुभट्टी) आहे, प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा. पण त्याच जातीची फ्लामॉव्हिलची भट्टी फ्रान्सने २००७ला बांधायला घेतली, ग्रिडला जोडायला डिसेंबर २०२४ उजाडला. म्हणजे मेस्मेरच्या काळातला तो झपाटा आता खुद्द फ्रान्सकडेच राहिलेला नाही.