वंशावळीतली रिकामी जागा

पुणे

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली वंशावळ आणि महजराची, म्हणजे साक्षीदारांसमोर झालेल्या जुन्या निवाडपत्राची नक्कल, दोन्ही सावकाश वाचली. शके १५३० ते १७२० एवढ्या काळात तुझ्या घराण्याच्या चारच पिढ्या दिसतात आणि मधल्या दोन पुरुषांचं नाव एकच आहे. ते आजोबा-नातू की एकच माणूस दोनदा लिहिला गेला, असं तू विचारतेस. नात्याचा पुष्कळसा घोळ तारखेत लपलेला असतो, म्हणून आधी तारखा पाहू.

महजरावर ‘सन अर्बा खमसैन अलफ’ आहे. अर्बा चार, खमसैन पन्नास, अलफ हजार. १०५४ हे तुझं वाचन बरोबर. पण तू ते हिजरी समजून इ.स. १६४४ काढलंस. हा शुहूर सन आहे, जुन्या मराठी दप्तरांतली अरबी आकड्यांची कालगणना. तो सूर्यावर चालतो, मृग लागला की पालटतो. त्यात ५९९ मिळव, १६५३ येतील, आणि ते वर्ष पुढच्या मृगापर्यंत चालेल. नऊ वर्षं सरकली की मुलगा सज्ञान की पाळण्यात, हेच बदलतं. तारखेआधी लिहिलेल्या ‘छ’ (चंद्र) या अक्षरापुढचा मोहरम, सफर वगैरे महिना मात्र चांद्र असतो. मृगाच्या आसपासची तारीख असेल तर तोच महिना एका शुहूर वर्षात दोनदा येऊ शकतो, तेव्हा जंत्री, म्हणजे तारखा जुळवायचे तक्ते, उघडल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

शकाचंही तसंच. ७८ मिळवून सगळ्या तिथी सुटत नाहीत. माघ-फाल्गुनाला ७९ लागतात. शिवजन्माचा वाद तुला ठाऊक आहे. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ ही तिथी बरीच वर्षं धरली जात होती. लोकमान्यांनी १९१६ साली जेधे शकावली (जेधे घराण्यातली सालवार नोंदींची यादी) प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असं सापडलं. गणित करून बघ: १५५१ ला शुक्ल संवत्सरच येतं आणि त्या तृतीयेला, १९ फेब्रुवारी १६३० ला, वारही शुक्रवारच पडतो. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही हीच तिथी आहे. नुसतं साल कुणीही ठोकून देऊ शकतो. संवत्सर, तिथी आणि वार एकमेकांशी जुळले तर लिहिणाऱ्यापुढे खरी टिपणं होती असं मानायला जागा असते. तुझ्या कागदावर वार असेल तर तो आधी तपास. (आणि १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन गणनेची तारीख, ग्रेगरियन पद्धतीनं ती १ मार्च होते. तुझ्या तक्त्यात दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली आहे.)

आता नावं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल आपल्याकडे इतकी रुळलेली की नाव सारखं असणं हा काहीच पुरावा नाही. भोसल्यांचंच घराणं घे: शिवछत्रपतींचे थोरले बंधू संभाजी, पुत्र संभाजी, आणि राजाराम महाराजांचे पुत्र कोल्हापूरचे संभाजी. तीन पिढ्यांत तीन संभाजी. म्हणून नावापेक्षा ‘बिन’पुढचं, म्हणजे बापाचं नाव धर. दोन कागदांत ‘बिन’पुढे वेगळे बाप असतील तर माणसं दोन. बाप एकच निघाला तरी घाई नको. तेव्हा वयं आणि साक्षीदार ताडून पाहावे लागतील.

एकशेनव्वद वर्षांत चार पिढ्या म्हणजे पिढीला सत्तेचाळीस वर्षं. एखाद्या पिढीत हे घडतं, सलग चारांत घडणं मला पटत नाही. एखादं नाव गळलं असावं. याच्या उलट चूकही फार आढळते: वतन भावाकडून भावाकडे गेलेलं असतं आणि पुढचा कारकून दोघांना बाप-लेक करून टाकतो. वतनाचा क्रम म्हणजे वंशाचा क्रम नव्हे. दत्तकानं तर जन्मदाता बाप कागदावरून पुसलाच जातो.

तुझा करीना, म्हणजे घराण्याची लेखी हकिकत, भाऊबंदांच्या भांडणात लिहिला गेला आहे, हे विसरू नकोस. वडीलपण सिद्ध करायला लिहिलेला कागद वडीलपणच सांगणार. रामराजांचं उदाहरण घे. शाहू महाराजांच्या पश्चात ते गादीवर आले ते ताराबाईंचे नातू म्हणून, ताराबाईंच्याच शब्दावर. पुढे त्याच ताराबाईंनी १७५२ साली जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेतली की हा माझा नातू नव्हे. साक्षीदार एकच, जबान्या दोन, आणि दोन्ही वेळा राजकारण वेगळं. तरीही रामराजे १७७७ पर्यंत छत्रपती राहिले. अशा ठिकाणी मी दोन्ही जबान्या तारखेसह लिहितो आणि नात्याची रेघ तुटक काढतो. तुझ्या तिसऱ्या पुरुषाच्या वर तूही तसंच कर. घरच्यांना अखंड रेघ हवी आहे, हे मला कळतं. काकांचा आग्रहही कळतो. पण आज तू पेनानं जोडलेलं नाव उद्या कुळवृत्तांतात छापलं जाईल आणि मग ते पुसणं कुणालाच जमणार नाही.

बायकांची नावं तू सोडूनच दिली आहेस. ती वंशावळीत नसतात, पण विधवेनं दत्तक घेतल्याच्या कागदात, चोळीबांगडीच्या नेमणुकीत सापडतात. दोन सावत्र भावांचा गुंता कित्येकदा आईच्या नावानंच सुटतो.

पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तरातले तुझ्या परगण्याचे रुमाल (कागदांची बांधलेली गाठोडी) मागव. त्यानंतर भारत इतिहास संशोधक मंडळात जा. आणि महजराच्या शेवटच्या बंदाचा, म्हणजे पानाचा, स्वच्छ फोटो मला पाठव. तिथे साक्षीदारांच्या निशाण्या आहेत, पाटलाची निशाणी असलेल्या नांगराच्या चित्राखाली एक नाव अर्धवट दिसतंय. ते तुझ्या दुसऱ्या पुरुषाचं असेल तर १६५३-५४ मध्ये तो हयात होता एवढं तरी नक्की होईल.