विचारा की! : पुठ्ठ्याचं स्टेशन आणि पुण्याचा पावसाळा

प्रश्न : मॉडेल रेल्वेसाठी एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या 87 पट लहान) एका छोट्या स्टेशनची इमारत करतोय. 2 एमएमच्या ग्रे बोर्डवर काळ्या दगडाचं प्रिंट फेव्हिकॉलनं चिकटवलं, रात्री भिंत सपाट होती, सकाळी बघतो तर केळ्यासारखी वाकलेली. मित्र म्हणतो पावसाळ्यात पुठ्ठ्याचा नाद सोड, प्लास्टिक शीट आण. खरंय का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : मित्राला चहा पाजा, सल्ला मात्र घेऊ नका. पाऊस त्यात भर घालतो हे खरं, पण भिंत वाकवली ती तुमच्या डिंकातल्या पाण्यानं, तेही एकाच बाजूनं. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपलेले असतात आणि ओले झाले की ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. वरचा प्रिंटचा कागद ओला असताना पसरला, तसाच चिकटला आणि वाळताना आक्रसून पुठ्ठ्याला ओढत बसला, मागच्या बाजूला उलटं ओढायला कोणीच नाही, मग वाकणारच ना.

म्हणून पहिलं काम, मागेही त्याच जाडीचा कागद, त्याच दिशेनं आणि त्याच डिंकानं चिकटवा. दिशा कळत नसेल तर कागद हलकेच दोन्हीकडून वाकवून बघा, ज्या बाजूनं सहज वाकतो त्या घडीला समांतर तंतू. डिंक बोटानं थापू नका, जुन्या कार्डानं पातळ ओढा, आणि जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली रात्रभर ठेवा (घरात ते असतातच, टाकवत कोणालाच नाहीत). शिवाय भिंतीच्या आतून दर 4-5 सेंमीवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या लावा.

आणि आता माझा लाडका उपाय, चपडा, म्हणजे लाख. फर्निचरच्या पॉलिशवाल्यांकडे असतो तोच, स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ करा आणि कापलेल्या भागांना दोन्ही बाजूंनी आणि कडांना एक हात मारा. त्यात पाणी नाही त्यामुळे पुठ्ठा फुगत नाही, आणि वाळल्यावर वरून पोस्टर कलर मारला तरी पाणी आत सहज शिरत नाही. प्रिंट चिकटवायचं असेल तर आधी तेवढं करून घ्या, चपड्यावर फेव्हिकॉल नीट धरत नाही. इंकजेटचं प्रिंट असेल तर आधी एका तुकड्यावर बघा, शाई पसरू शकते, लेझरला सहसा तो ताप नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस-उदबत्ती काही नको. माझा पहिला गुड्स शेड असाच जुलैत पापड झाला होता, दुसरा चपड्यावर तीन पावसाळे काढून अजून ताठ उभा आहे.

प्रश्न : खऱ्या स्टेशनची मापं कशी काढायची? टेप घेऊन फिरलं की लोक संशयानं बघतात.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : टेप कशाला, स्लीपर मोजा, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या! मेन लाइनला किलोमीटरला साधारण 1660 स्लीपर असतात, म्हणजे एकाचं अंतर 60 सेंमीच्या आसपास. समोरच्या प्लॅटफॉर्मवरून इमारतीचा सरळ फोटो काढा आणि तिच्या एका टोकासमोरून दुसऱ्या टोकासमोर चालत जाताना किती स्लीपर लागतात ते मोजा, लांबी आली. एचओला भागिले 87, म्हणजे एक स्लीपर जवळपास 7 एमएम. साइडिंगला (बाजूच्या लाइनला) अंतर जास्त असू शकतं, तिथे फसू नका. उंचीला दरवाजा धरा, 7 फुटी दार साडेचोवीस एमएम होतं.

खरी गडबड प्लॅटफॉर्मला होते. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 1676 एमएम, त्याला 87 नं भागलं तर 19 पेक्षा थोडं जास्त येतं, आणि बाजारातला एचओ ट्रॅक मात्र 16.5 चा, कारण तो परदेशातल्या 1435 च्या गेजवर बेतलेला. ते चालवून घ्यायचं, पण डबा आपला सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये 37 एमएमच्या वर. खऱ्या मापानं प्लॅटफॉर्म लावला तर कडेला जेमतेम अर्धा एमएम उरतो आणि वळणावर डबा घासतोच. तेव्हा सगळ्यात लांब डब्याला मधोमध आणि टोकाला पेन्सिल टेपनं बांधा, हातानं ढकला, ओढलेल्या रेषेच्या एक एमएम बाहेर प्लॅटफॉर्म कापा. उंची रुळाच्या माथ्यापासून साधारण 9 एमएम.

प्रश्न : पत्र्याची शेड कशी करू? कोरुगेटेड पुठ्ठा फार जाड दिसतो.
– एक वाचक, हडपसर

उत्तर : दिसणारच, खऱ्या पत्र्याची एक लाट 3 इंच, एचओत ती एक एमएमसुद्धा नाही. हार्डवेअरवाल्याकडून एम5 चा आटेवाला रॉड घ्या, त्याच्या आट्यांमधलं अंतर 0.8 एमएम असतं. जेवणाच्या पार्सलच्या डब्याची फॉइल माउसपॅडवर ठेवून पट्टीला टेकवून रॉड दाबून फिरवा. कौलांचं पुढच्या वेळी, ते मोठं प्रकरण आहे.

प्रश्न : मी सातवीत आहे. माझ्या पुठ्ठ्याच्या घराच्या कोपऱ्यांवर पांढऱ्या रेषा दिसतात आणि कटरनं कड फाटते.
– एक छोटा वाचक, कोथरूड

उत्तर : अरे, पांढरी दिसते ती कागदाची कापलेली कड. चिकटवायच्या आधी तिच्यावरून त्याच रंगाची पेन्सिल फिरव, संपलं. आणि एका दमात जोर लावून कापू नकोस, स्टीलच्या पट्टीला टेकवून तीन-चार हलके हात मार, ब्लेडचं टोक बोथट झालं की तोडून नवीन काढ (तोडायला आईबाबांना सांग). तू कोथरूडचाच आहेस तर जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम बघितलंस का? नसशील तर जा, आणि गाड्या सोडून पाच मिनिटं नुसत्या घरांच्या कडा बघ.