रेल्वे चुकली आणि गाव वाचलं

प्रश्न : जूनमध्ये रशियाच्या सहलीला जातोय. मॉस्कोनंतर दोन मुक्काम सुझदालला आहेत. जेमतेम दहा हजार वस्ती, रेल्वेसुद्धा नाही. हे गाव जगतं कशावर? आणि दोन दिवस तिथे करायचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रेल्वे नाही, त्यावरच तर जगतं! मॉस्को ते निझ्नी नोव्हगोरोद लोहमार्ग १८६२ साली पूर्ण झाला तो व्लादिमिर शहरावरून. सुझदाल पंचवीसेक किलोमीटर बाजूला पडलं आणि व्यापार रुळांच्या मागे गेला. जुनं पाडून नवं उभारायला गावात पैसाच राहिला नाही. आज तेच जुनं बघायला लोक येतात, १९९२ पासून काही वास्तू जागतिक वारसा यादीतही आहेत. पोटापाण्याचा मुख्य धंदा पर्यटन.

त्याआधीची श्रीमंती जमिनीची. चहूकडे जंगल आणि मधे हा सुपीक, उघडा माळ. त्याला ओपोल्ये म्हणतात. बाराव्या शतकात युरी दोल्गोरुकी या राजाने राजधानी केली ती इथे. मॉस्कोचा संस्थापक म्हणतात तोच हा. १२३८ मध्ये मंगोलांनी गाव जाळलं. पुढे सत्ता गेली, मठ राहिले. राजांना नकोशा झालेल्या राण्यांची पाठवणी इथल्या पोक्रोव्स्की मठात व्हायची. पीटर द ग्रेटने पहिल्या बायकोला, येव्दोकियाला, १६९८ साली इथेच धाडलं. थोर म्हणवणाऱ्यांचे हे असले उद्योग!

चर्चेस मोजायला जाल तर दमाल, कारण ती जोडीने आहेत. उन्हाळ्याचं उंच, ऐसपैस. शेजारी हिवाळ्याचं बुटकं, शेगडीची ऊब धरून ठेवणारं. इथल्या क्रेमलिनमधलं, म्हणजे जुन्या किल्ल्यातलं, मुख्य चर्च मात्र जवळ जाऊन पाहा. खालचा भाग तेराव्या शतकातला, कोरीव पांढऱ्या दगडाचा. वरचा सोळाव्या शतकातला, विटांचा. घुमट निळे, त्यावर सोनेरी तारे.

आणि काकडी! परसात काकडी लावणं हा इथला पिढीजात जोडधंदा. शेपू, लसूण आणि ब्लॅककरंटच्या झुडपाची पानं घालून मिठाच्या पाण्यात मुरवतात. बाजारचौकात आजीबाईंकडून घ्या, हॉटेलातली नको. काकडी महोत्सव जुलैत असतो, तो तुमचा हुकणार. मेदोवुखा हे मधाचं पेय मात्र बारा महिने मिळतं. गोड लागतं म्हणून सरबतासारखं ढोसू नका, त्यात दारू असते.